खाट कोणत्या वॉर्डात?

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता विचारतात आणि त्याच्या जोडीला 'स्त्री' की 'पुरुष' हेही लिहितात. त्यावरच खाट ठरते. तृतीयपंथी रुग्ण आला की गाडी इथेच अडते. बायकांच्या वॉर्डात घ्यावे, तर शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक कुरकुरतात. पुरुषांच्या वॉर्डात घ्यावे, तर त्या रुग्णाचा रात्रभर डोळा लागत नाही. मग उरतो व्हरांडा, नाहीतर 'उद्या या'.

आपण हैदराबादकर मराठी मंडळींनी या प्रश्नाकडे परका म्हणून पाहू नये. निजामाच्या राज्यात १३२९ फसलीचा एक कायदा होता. त्यात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवायची आणि नोंदीतली व्यक्ती बाईच्या वेशात रस्त्यावर दिसली तर तिला वॉरंटाशिवाय पकडायचे, अशी तरतूद होती. मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. निजाम गेला, राज्ये बदलली, पण हा कायदा तेलंगणा उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रद्द करेपर्यंत पुस्तकात राहिला. गंमत म्हणजे त्याआधीच, २०२२ मध्ये, उस्मानिया रुग्णालयात दोन तृतीयपंथी डॉक्टर सरकारी सेवेत रुजू झाल्या होत्या!

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना रुग्णालयात योग्य उपचार देण्याचे आदेश केंद्राला व राज्यांना दिले. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई केली. २०२० च्या नियमांत तर दोन वर्षांत स्वतंत्र वॉर्ड करावेत असे लिहिले होते. ती मुदत २०२२ मध्ये संपली. मुंबईत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये ३० खाटांचा वॉर्ड सुरू झाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु स्वतंत्र वॉर्ड हेच उत्तर, हे आम्हाला पटत नाही. वॉर्ड आजाराप्रमाणेही असतात. हाड मोडलेला, क्षयाचा आणि हृदयविकाराचा रुग्ण केवळ तृतीयपंथी म्हणून एकाच खोलीत ठेवायचे काय? आणि तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे मुळात खाटाच मोजक्या, तिथे असा वॉर्ड कोण बांधणार? शिवाय जन्माने मुलगी ठरलेला पण पुरुष म्हणून जगणारा रुग्ण गर्भाशयाच्या तक्रारीसाठी आला, तर त्याचा विचार कोणीच केलेला नसतो.

बायकांच्या वॉर्डातल्या भगिनींची अडचण आम्ही थट्टेवारी नेत नाही. पाठ उघडी टाकून इंजेक्शन घ्यायचे, बाळाला पाजायचे, आणि मध्ये साधा पडदाही नाही. ही लाज त्यांना एरवीही सोसावी लागतेच, कारण कोणाचाही भाऊ, नवरा वॉर्डात केव्हाही शिरतो. पडदे आणि भेटीच्या वेळांचा बंदोबस्त झाला तर त्यांचीही सोय होईल. तेव्हा आमचे मत असे की, रुग्ण स्वतःला जे सांगेल त्याप्रमाणे त्या आजाराच्या वॉर्डात खाट द्यावी. त्याला वा शेजारच्या रुग्णाला संकोच वाटत असेल, तर विचारून बाजूची खोली द्यावी. पण खोली रिकामी नाही म्हणून उपचार थांबता कामा नयेत.

सरकारी रुग्णालयांच्या विकास समित्यांवर लोकप्रतिनिधी असतात. मते मागायला ते आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवात येतात, हे सभासदांना सांगायला नको. यंदा आले की हार घालण्याआधी त्यांना एवढेच विचारावे: तुमच्या दवाखान्यात रात्री अकरा वाजता तृतीयपंथी रुग्ण आला, तर त्याची खाट कुठे, आणि ते ठरवणार कोण? उत्तर लेखी मागावे. आलेली उत्तरे आम्ही याच पानावर छापू.