ही ट्रंक बेवारस कशी?

परीक्षा संपली की वसतिगृहाच्या फलकावर सूचना लागते : 'अमुक तारखेपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात, अन्यथा सामानाची जबाबदारी राहणार नाही.' तारीख उलटते, कुलूप तोडले जाते आणि मागे राहिलेली ट्रंक, गादी, पुस्तके 'बेवारस' ठरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात.

आमचा साधा सवाल आहे. ज्याचे नाव, गाव, पालकांचा पत्ता प्रवेश अर्जावर आहे, त्याचे सामान बेवारस कसे? फीची बाकी वसूल करायची असली की हाच पत्ता कार्यालयाला बरोबर सापडतो!

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचे कलम ७१ सांगते, की दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मालकाचा रीतसर शोध न घेता ती परस्पर विकण्याची मुभा कायदा देत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थी एका पिशवीनिशी गावी गेले. पुढे अनेक वसतिगृहांची विलगीकरण केंद्रे झाली आणि खोल्यांतले सामान मुलांच्या माघारी हलवले गेले. सधन घरचा मुलगा नवी पुस्तके घेईल. पण शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या पोराच्या ट्रंकेत वर्षभराच्या वह्या, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र असते. ते पुन्हा मिळवताना तहसील कचेरीच्या खेपांत वर्ष गेले, तर शिक्षणच सुटते.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट टॉर्पेडोने बुडाली. ती पुस्तके शत्रूने बुडवली. आमच्या पोरांची पुस्तके त्यांच्याच महाविद्यालयाने रद्दीत घालावीत काय?

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने लेखी नियम करावा. आधी घरच्या पत्त्यावर पत्र आणि फोन. मग विद्यार्थी प्रतिनिधीसमोर पंचनामा. पुरेशी मुदत दिल्यानंतरच विक्री, आणि तो पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या निधीत. कागदपत्रे मात्र कधीही विकू नयेत, जपून ठेवावीत आणि मागताक्षणी द्यावीत. थकबाकीच्या नावाखाली ती अडवू नयेत. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे.

ज्या समाजाला शतकानुशतके मालमत्ता बाळगण्याचा हक्क नाकारला, त्याच्या पोराची ती पहिली मालमत्ता आहे. विद्यार्थी संघटनांनो, सुट्टी लागण्यापूर्वी प्राचार्यांकडे हा नियम मागा!