काकडीचे पाणी आणि पायांवरची सूज

मैत्रिणींनो, आमच्या मुळशीत आषाढ-श्रावण म्हणजे नुसती धार. ताम्हिणीकडून ढग उतरले की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. घाम नाही, तहान नाही, म्हणून पाणी पिणे आपोआप कमी होते. पापड, लोणचे, सांडगी मिरची, सुकट यांचे डबे मात्र रोज उघडतात! भातलावणीच्या बाया दिवसभर चिखलात वाकून उभ्या, आम्ही शिक्षिका फळ्यापुढे उभ्या, आणि हिंजवडीला नोकरी करणाऱ्या लेकीसुना आठ-नऊ तास पाय खाली सोडून खुर्चीत. (हिंजवडी आमच्याच तालुक्यात, बरं का!) संध्याकाळी तिघींची तक्रार एकच. चप्पल घट्ट होते, जोडवी रुततात, पाय जड होतात. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तर अंगठीसुद्धा निघत नाही.

यावर हल्ली घरोघरी काचेच्या बरणीत काकडीच्या चकत्या तरंगताना दिसतात. माझ्या सासूबाई बघून हसतात. त्यांच्या वेळी धन्याचे पाणी होते. मला विचाराल तर दोन्ही चांगली, पण कशासाठी चांगली ते कळले पाहिजे. म्हणून आधी कृती सांगते आणि मग हिशेब मांडते.

पावसाळ्यात पाणी उकळून गार केलेलेच घ्यायचे. एक लिटर पाण्याला अर्धी कोवळी काकडी, स्वच्छ धुऊन, टोकाचा तुकडा चाखून. कडू लागली तर ती टाकून द्या. सालासकट पातळ चकत्या, पुदिन्याची आठ-दहा पाने आणि हवी तर लिंबाची एक फोड. दोन तास झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते पाणी ठेवू नका, या हवेत लगेच बिघडते. धन्याचे पाणी याहून सोपे. चमचाभर धने जाडसर कुटून भांडेभर पाण्यात रात्री भिजत घालायचे, सकाळी गाळून प्यायचे. मीठ आणि साखर दोन्हीत नाही. इथेच खरी गंमत आहे.

काकडी म्हणजे पंचाण्णव टक्के पाणीच. चकत्यांतून बरणीत उतरतो तो स्वाद, औषध असे त्यात फारसे काही नाही. पण स्वाद आला की आपण दिवसभरात चार पेले जास्त पितो, आणि मीठ घातलेले सरबत किंवा बाटलीतले गोड पेय आपोआप मागे पडते. फायदा होतो तो त्याचा.

कारण अंगात पाणी धरून ठेवते ते मीठ. दवाखान्यात लावतात त्या एक लिटर सलाइनमध्ये मीठ असते ९ ग्रॅम. अंगातल्या पाण्याचे आणि मिठाचे गणितही साधारण तसेच राखले जाते. जास्तीचे मीठ पोटात गेले की मूत्रपिंडे ते बाहेर टाकेपर्यंत त्याच्या जोडीचे पाणी अंगात राहते, आणि दिवसभर उभे राहिले की ते खाली घोट्यांशी उतरते. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. यात पापड, लोणचे, फरसाण, पाव सगळे आले. घरात माणसे किती आणि मिठाचा पुडा किती दिवस पुरतो, एवढे एकदा मोजून बघा. आणि उपवासाला सैंधव चालते म्हणून सढळ हाताने घालू नका. सैंधव हेही मीठच आहे, पाणी तेवढेच धरते.

तेव्हा बरणी भरायची असेल तर भरा, पण त्याच दिवशी ताटातले लोणचे अर्धे करा. भाकरीच्या पिठात मीठ नको. भाज्या उकडलेले पाणी ओतून देऊ नका. भाजीतले पोटॅशियम त्यात उतरलेले असते आणि मीठ बाहेर टाकायला ते मदत करते. आमटीत वापरा, पण त्या आमटीला मीठ बेताने. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे आडवे होऊन पाय उशीवर ठेवा. सासरी माणसांत बरे दिसत नाही म्हणाल, तर आतल्या खोलीत जा, पण ठेवा. वर्गात किंवा ओट्याशी उभे असताना टाचा वर-खाली करत राहा. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकलले जाते.

एवढे करून सकाळपर्यंत पाय उतरत असतील तर काळजीचे कारण सहसा नसते. उतरत नसतील तर नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-सात सेकंद दाबून बघा. खळगा पडून तसाच राहिला तर बरणी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचे. धाप लागणे, लघवी कमी होणे किंवा तिला फेस येणे, सकाळी पापण्या सुजलेल्या असणे ही हृदय आणि मूत्रपिंडांकडची चिन्हे असू शकतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी दाखवा, शिरेत गाठ झालेली असू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, विशेषतः अॅम्लोडिपिनने, घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. मागे पालकसभेनंतर एक आई थांबली. "बाई, मोठ्या पोरीला सातवा लागलाय. पायाचं जाऊ द्या, पण सकाळी तोंड पण भरलेलं असतंय. चार दिवस धन्याचं पाणी देतेय, उतार नाही." डोके दुखते का, मी विचारले. "दुखतंय की. डोळ्यापुढं काजवे येतात म्हणते." त्याच संध्याकाळी तिला सरकारी दवाखान्यात नेले. दाब १६० वर १००! तिथून गाडीने थेट पुण्याला. बाळ लवकर आले, अशक्त होते, पण मायलेकरे सुखरूप घरी आली. गरोदरपणात घोटे थोडे सुजणे नेहमीचेच. पण पाच महिन्यांनंतर तोंड-हात सुजले, डोके ठणकले, अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखले तर कोणतेही पाणी पाजत बसायचे नाही. दाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर तो धोक्याचा. शिवाय तो सूज न येताही वाढतो, म्हणून प्रत्येक तपासणीत मोजून घ्यायचाच. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. सुनेला, लेकीला, कामाला येणाऱ्या बाईलाही तारीख सांगून ठेवा. रात्री-अपरात्री गाडी लागली तर १०८.

घेटुळीबद्दलही पुष्कळजणी विचारतात. हीच आयुर्वेदातली पुनर्नवा, आणि सुजेवर तिचे नाव जुने आहे. पावसात कोवळी भाजी मिळाली तर जरूर करा. काढा मात्र वैद्यांना विचारूनच, आणि गरोदरपणी मुळीच नको. दुधीचा कच्चा रस काढणाऱ्यांनी आधी दुधीचा तुकडा चाखावा. कडू निघाला तर दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. आणि ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी बरणीतले पाणीही त्याच मापात धरायचे. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठही त्यांनी विचारल्याशिवाय आणू नये, त्यात पोटॅशियम असते.

बरणीतल्या चकत्या टाकू नका हं. दही आणि दाण्याचे कूट घालून संध्याकाळी कोशिंबीर होते. वरून हिरव्या मिरचीची फोडणी द्या, मिठाची आठवण कुणाला होत नाही. आमच्याकडे तरी अजून झालेली नाही!