नाद लागायला मैदान लागतं

"मर्दा, बायकांच्या फुटबॉलात बघण्यासारखं असतंय काय?"

हा प्रश्न शाहू स्टेडियमबाहेरच्या चहाच्या गाड्यावर मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो आल्याशिवाय चहा संपल्यासारखं वाटत नाही. विचारणारा दर वेळी एकच. शाळेपासूनचा मित्र, मंगळवार पेठेतला, पाटाकडील तालमीचा कट्टर समर्थक. ('मर्दा'कडं लक्ष देऊ नये, कोल्हापुरात तो स्वल्पविराम आहे.) बायकांनी खेळू नये असं त्याचं मुळीच म्हणणं नाही. खुशाल खेळावं, फक्त आपण ते बघावं असा हट्ट कुणी धरू नये, एवढंच. त्याचं हे म्हणणं मला अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष मांडताना हात आखडता घेत नसत. म्हणून मित्राच्या भात्यात नसलेले बाणही मीच त्याला देतो. २०१६ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या महिलांचा राष्ट्रीय संघ न्यूकॅसल जेट्सच्या सोळा वर्षांखालच्या मुलांकडून ७-० असा हरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या महिला, त्या वेळच्या जगज्जेत्या, डॅलसच्या पंधरा वर्षांखालच्या पोरांशी खेळल्या आणि ५-२ ने हरल्या. सामने सरावाचे होते, मोजक्याच गंभीरपणे खेळले गेले, हे सगळं खरं. तरी निकाल झाकण्यात अर्थ नाही. वेग कमी असतो, लांब पल्ल्याचा फटका तितका सणसणीत बसत नाही, आडव्या दांड्याखालून जाणाऱ्या चेंडूपर्यंत गोलरक्षिकेचा हात पुरुषाइतक्या सहज पोचत नाही. मान्य. पुढं?

पुढं खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीत गोळेश्वरच्या या मल्लानं कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोत. त्याच मॅटवर हेवीवेटचा मल्ल समोर उभा केला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न गेल्या सत्तर वर्षांत कोल्हापुरातल्या एकाही वस्तादानं विचारलेला मी ऐकला नाही. विचारला असता तर तालमीतनं माती झाडत बाहेर जावं लागलं असतं. जोडीला जोड लागते, हे आपल्याला कुस्तीत कुणी समजावून सांगावं लागत नाही. लढत बघायची ती बरोबरीच्या दोघांत. मग फुटबॉलच्या बाबतीतच हे शहाणपण कुठं गहाण पडतं?

खाशाबांचं नाव काढलं की मित्र गप्प बसतो, पण हार मानत नाही. म्हणतो, "कुस्ती येगळी. फुटबॉल बघायचा तो दर्जासाठी." इथं मात्र तो सापडतो. हाच माणूस रात्री दीड वाजता उशी पाठीला लावून चॅम्पियन्स लीग बघतो आणि दुसऱ्या दिवशी चारच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघायला दगडी पायऱ्यांवर हजर असतो. या दोन सामन्यांच्या दर्जात जे अंतर आहे, त्यापुढं आर्सेनलच्या पुरुष आणि महिला संघांमधलं अंतर म्हणजे किस झाड की पत्ती. तालमीच्या सामन्यात चेंडू वाळलेल्या मातीवर कसाही उसळतो, तीन पास सलग झाले की टाळ्या पडतात, लेफ्ट बॅकचा बाप कुठल्या दुकानात बसतो हे अर्ध्या गॅलरीला माहीत असतं. आणि तरी मित्राच्या कपाळावरची शीर तिथं जशी ताठरते तशी माद्रिदसाठी कधी ताठरली नाही. दर्जा हे त्याचं खरं कारण नव्हतंच. माणूस आधी गुंततो आणि कारणं मग शोधतो. गुंतला नसेल तर न गुंतल्याची कारणं शोधतो. कोल्हापुरी भाषेत याला नाद म्हणतात, आणि नाद दर्जा बघून लागल्याचं निदान आमच्या गावात तरी उदाहरण नाही.

आता दुसरा आक्षेप, जरा वजनदार. लोकांना आवडलं असतं तर गर्दी झाली असती, गर्दी झाली असती तर पैसा आला असता. बाजारानं निकाल दिलाय, त्यावर अपील कसलं?

हा निकाल बाजारानं दिलेला नाही. तो एका समितीनं दिला, आणि त्याची तारीख ५ डिसेंबर १९२१.

लँकेशरमधल्या प्रेस्टन गावात डिक, कर नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कामावर बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू मारता मारता त्यांचा संघ उभा राहिला. २६ डिसेंबर १९२० रोजी हा संघ लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या महिला संघाशी खेळला. मैदानात ५३ हजार माणसं होती आणि जागा नाही म्हणून हजारो बाहेर राहिली. त्या दिवशी संघाची मुख्य आघाडीपटू फ्लॉरी रेडफर्डची गाडी चुकली. कर्णधार अ‍ॅलिस केल मुळात बचाव फळीत खेळायची. उत्तरार्धात ती पुढं सरकली आणि तिनं तीन गोल मारले. सामना ४-० असा सुटला, तीन हजार पौंडांवर रक्कम धर्मादाय कामासाठी जमली. गाडी चुकणं, ऐन वेळी जागा बदलणं, बचावपटूची हॅटट्रिक. असा किस्सा आमच्या पेठेत घडला असता तर तालमीच्या भिंतीवर रंगवला गेला असता आणि नातवंडांना पाठ असता.

वर्ष सरायच्या आत इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि सदस्य क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. जमलेल्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, अशीही एक कुरकुर पुस्तीसारखी जोडली होती. बंदी खेळण्यावर घातली नाही, यातली हुशारी बघण्यासारखी आहे. खेळा की! फक्त पायऱ्या असलेलं, तिकीटखिडकी असलेलं, ट्रॅमचा थांबा शेजारी असलेलं मैदान मिळणार नाही. डिक, करच्या मुली पुढंही अनेक वर्षं खेळत राहिल्या, बागांत आणि माळांवर. त्यांतली सगळ्यांत गाजलेली लिली पार मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी करत खेळली. बंदी उठेपर्यंत पन्नास वर्षं गेली. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०, ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९, बंदी तिथंही होती. ब्राझीलची विख्यात फुटबॉलपटू मार्ता हिचा जन्म १९८६ चा, तिथली बंदी उठल्यावर सातच वर्षांनी.

यावर कुणी म्हणेल, ती गर्दी नवलाईची होती. नाताळची सुट्टी, युद्धानंतरचा उत्साह, वर पुण्यकर्म. असेलही. दोन वर्षांत ओसरली असती, किंवा नसती. पण नवलाई किती टिकते हे बघण्याआधीच दार लावून घेतलं, आणि शंभर वर्षांनी त्याच दाराकडं बोट दाखवून आपण म्हणतो की आत कुणी नाही. पुरुषांच्या फुटबॉलला ती पन्नास वर्षं मिळाली. त्या काळात आजोबांनी बापाला आणि बापानं पोराला खांद्यावर बसवून मैदानात नेलं. नाद असाच उतरतो, हाताला धरून. ज्या खेळाच्या बाबतीत तीन पिढ्यांना कुणाचा हात धरून कुठं न्यायला जागाच नव्हती, त्याच्या चाहत्यांची शिरगणती आज पुरुषांच्या खेळाशेजारी ठेवून काय सिद्ध करायचं?

आर्सेनलचंच घ्या, कारण मित्र आर्सेनलवालाही आहे. त्यांचा महिला संघ १९८७ साली व्हिक एकर्स या गृहस्थांनी उभा केला. पुरुषांच्या संघाची जर्सी-बूट सांभाळण्याचं खातंही पुढं त्यांच्याकडंच होतं. २००६-०७ च्या हंगामात या संघानं लीग, दोन्ही देशी चषक आणि वर युरोपचं विजेतेपद असं सगळं धुऊन नेलं. युरोपच्या अंतिम फेरीत समोर उमेओ होता आणि उमेओत मार्ता होती. तो घरचा सामना बोरहॅमवुड इथल्या छोट्या मैदानावर साडेतीन हजारांसमोर झाला. दर्जानं गर्दी होत असती तर ती त्या वर्षी व्हायला हवी होती. झाली नाही. मग क्लबनं मुलींना एमिरेट्सवर आणायला सुरुवात केली, आधी वर्षातनं एखाददुसरा सामना, मग वाढवत वाढवत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध साठ हजारांचं मैदान भरलं, आणि २०२५-२६ पासून लीगचे सगळे घरचे सामने तिथंच ठेवले. बार्सिलोनानं कँप नू उघडलं तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये वोल्फ्सबुर्गविरुद्ध ९१,६४८ माणसं आली. उलट त्याच वर्षी युरो स्पर्धेचे काही सामने मँचेस्टर सिटीच्या सराव संकुलातल्या पाच हजारांपेक्षाही कमी जागेच्या मैदानावर ठेवले होते, तेव्हा आइसलँडच्या सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिरनं संयोजकांना जाहीर फटकारलं. अंतिम सामना वेंब्लीवर ८७ हजारांसमोर झाला. म्हणजे अंदाज कुणाचा चुकला होता?

इतकं झाल्यावर माझ्या बाजूच्या मंडळींना वाटेल की मी त्यांचा वकील झालो. तसं नाही. या खेळाचं सगळ्यांत मोठं नुकसान कुणी करत असेल तर ते, बघणं म्हणजे कर्तव्य असं सांगणारे लोक. समतेसाठी बघा, लेकींसाठी बघा, प्रगत म्हणवता ना मग बघा! उपासाचं खाल्ल्यासारखा चेहरा करून कुणी सामना बघत नसतो. आणि तो 'निखळ, कौटुंबिक वातावरण' असला गोड शेरा तर मला पंचांना घातलेल्या शिवीपेक्षा जास्त टोचतो. जिथं कुणाला हरल्याचं दुःख होत नाही तिथं निखळपणा असतोच; तसा तो वाढदिवसाच्या पार्टीतही असतो. वेंब्ली भरलं म्हणून इंग्लंडची लीग भरली असंही नाही. तिथली सरासरी सात हजारांच्या आसपास पोचली आणि पुढच्या हंगामात खाली आली. देशाच्या जर्सीला जमणारी गर्दी शनिवारच्या क्लब सामन्याला आपोआप येत नाही. ती क्लबागणिक, गावागणिक, सावकाश जमवावी लागते. कुणाला देशाचाच सामना बघावासा वाटतो, कुणाला आपल्या क्लबच्या नावामुळं महिला संघही आपला वाटतो, कुणी एकाच खेळाडूच्या मागं जातो, कुणाला यातलं काहीच नको असतं. असू दे. न आवडण्याचा हक्क मित्राकडून मी काढून घेत नाही. माझं भांडण त्या न आवडण्याला निसर्गनियमाचा दर्जा देण्याशी आहे.

आणि आता जरा घरचं. कोल्हापूरच्या नावानं मुलींचा एक संघ देशाच्या महिला लीगमध्ये खेळला, हे आमच्या चहाच्या गाड्यावर किती जणांना माहीत आहे? मी विचारून पाहिलं. मित्राला नव्हतं. एफसी कोल्हापूर सिटी २०१९ साली लीगच्या अंतिम फेरीत होता, पुढच्या हंगामातही होता. पण त्या काळी लीगची अंतिम फेरी एकाच शहरात उरकायची पद्धत होती. एकदा ती लुधियानात झाली, एकदा बेंगळुरूत. घरी एक, बाहेर एक असे सामने २०२३-२४ पासून सुरू झाले. म्हणजे जर्सीवर कोल्हापूर, आणि मुली पंजाबात धावतायत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून जिला नावानं हाक मारता येत नाही, जिच्या चुकलेल्या पेनल्टीवर रात्री कट्ट्यावर भांडता येत नाही, तिचा नाद लागायचा कसा? पेठेनं पाठ फिरवली असं म्हणायचं तर आधी कुणी समोर यायला हवं होतं.

मित्राला मी एकदाच मैदानात नेलंय. ३० ऑक्टोबर २०२२, रविवार. दिवाळीनंतर तो बहिणीकडं सानपाड्याला आला होता आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती. "दोन तास एसीत बसून काढलं असतं," म्हणत आला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात नायजेरियाची तीन गोलांची आघाडी जर्मनीनं फेडली तेव्हा त्यानं हातातला वडापाव खाली ठेवला. शेवटी पेनल्टींवर नायजेरिया जिंकलं. मग स्पेन विरुद्ध कोलंबिया. कोलंबियाच्या लिंडा काइसेडोकडं चेंडू आला की तो उठून उभा राहायचा, मागचे ओरडायचे, हा बसायचा, पुन्हा उठायचा. शेवटच्या दहा मिनिटांत कोलंबियाच्याच बचावपटूकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० ने जिंकलं. परतताना नेरुळ स्टेशनपर्यंत तो एकच गोष्ट बोलत होता. त्या पोरीला डावीकडं जास्त चेंडू द्यायला पाहिजे होता.

पुढच्या वर्षी ३० जुलैला, पुन्हा रविवारच, दुपारी जेवून लवंडलो होतो. सिडनीत महिलांच्या विश्वचषकात कोलंबिया जर्मनीशी खेळत होतं. काइसेडोनं पेटीत चेंडू घेतला, एका झुकांडीत दोघींना चकवलं आणि तो वरच्या कोपऱ्यात ठेवून दिला. मी रिमोट शोधत असतानाच फोन वाजला. कोल्हापूरहून.

"आपली पोरगी बघितलीस का रं?"

इंग्लंडची महिला लीग तो अजून बघत नाही. परवाच म्हणाला, मर्दा, त्यात बघण्यासारखं असतंय काय.