गणितात गेला, हिशेबात नाही

दहावीचा निकाल लागला की गणितात गेलेल्या पोराला आपण एकच वाक्य ऐकवतो, "आता जा बैलामागं." मग तो तेलंगणात मिरची तोडायला जातो, नाही तर तालुक्याच्या दुकानात पोती उचलतो. माझे म्हणणे असे, की त्याच्या हाती गावाची किर्द देऊन पाहा.

हिशेबाचे काम आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावातच आले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. पुढे पेसाच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला स्वतःचा कोष दिला. जंगल आले, पैसा आला. पण लिहिणारा कुठे आहे? पुष्कळ गावे अजून शहरातल्या माणसाच्या तोंडाकडे बघतात.

तेंदूचेच घ्या. ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची प्रमाण गोणी. फळीवर शंभरामागे पाच पुडे लिहिलेच गेले नाहीत, तर हजार गोण्यांच्या गावाचे पन्नास गोण्यांचे पैसे बुडाले. हे पकडायला भूमिती लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि रोजच्या रोज लिहिण्याची सवय लागते. धान खरेदीचेही तसेच. आवक, जावक, बारदाना आणि घट यांचा मेळ बसला नाही, की आविका संस्था अडचणीत आणि चुकारे लांबणीवर.

आता पोराच्या वाटेचे बघू. एक-दोन विषय गेले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. राहिलेले विषय मात्र काढावेच लागतात. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. वाणिज्य शाखेत अकरावी-बारावीला गणित सक्तीचे नाही, त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते. पुस्तपालन तिथेच शिकवतात. नंतर बी.कॉम. गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयातून करावे किंवा घरी राहून मुक्त विद्यापीठातून. पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा. ती पास होऊन अनुभव घेतला, की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा रस्ता खुला होतो. वर्षे लागतात, हे खरे. पण शिकता शिकता गावाची वही लिहिणारा पोरगा पुस्तकातली खतावणी लवकर समजतो.

कोणी म्हणेल, "नापास पोराच्या हाती पैसा द्यायचा का?" पैसा देऊच नका. पैसा बँकेत ठेवा, सह्या ग्रामसभेने नेमलेल्यांच्या असू द्या. पोराकडे फक्त वही. महिन्याच्या शेवटी ती गोंडीत आणि मराठीत सभेपुढे मोठ्याने वाचा. चूक असेल तर कुणीतरी हात वर करीलच. बचत गटाच्या बाया वर्षानुवर्षे याच रीतीने वह्या लिहीत आल्या आहेत. त्यातल्या किती जणींनी दहावी पाहिली आहे?

सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) दोन विनंत्या. पहिले तीन महिने या पोराला, पोरीला शेजारी बसवून रोकडवही दाखवा. आणि ग्रामसभेच्या ठरावाने त्याचे मानधन ठरवा. फुकटात लिहिलेली वही दुसऱ्या हंगामात कोरी राहते.

तेंदूचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो. त्याआधी एका सभेत गावातल्या दहावी-बारावीत अडलेल्या पोरापोरींची नावे काढा. पुढच्या हंगामात फळीवर ठेकेदाराच्या दिवाणजीशेजारी आपलाही माणूस वही घेऊन बसलेला असू द्या.