एक मिलिमीटरचे कामगार

कॉलेजच्या कँटीनमागे कधी डोकावलात? उरलेला भात, चहाचा चोथा, केळीची सालं आणि वर प्लास्टिकचे ग्लास, सगळं एकाच ड्रममध्ये. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणं बंधनकारक केलं, तरी ही तऱ्हा. मग कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावरच्या ढिगाला नावं ठेवायचा आपल्याला काय हक्क?

यावर हल्ली झटपट उत्तर मिळतं, '२४ तासांत खत' देणारं मशीन. माझं स्पष्ट मत, त्या नादाला लागू नका. त्यातून बहुतेकदा निघतो तो वाळवून बारीक केलेला कचरा. खताला वेळ लागतोच, कारण ते कुणीतरी खाऊन-पचवून तयार करतं.

कोण? आधी जिवाणू आणि बुरशी. मीटरभर उंच-रुंद ढीग असेल, तर त्यांच्या कामाने तो ५५-६० अंशांपर्यंत तापतो. तणांचं बी आणि पिकांचे बरेचसे शत्रू त्यात मरतात. ढीग निवू लागला की सूत्रकृमींची गर्दी होते. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग पारदर्शक. ते जिवाणू फस्त करतात आणि स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त झालेला नायट्रोजन बाहेर टाकतात. मुळांना तोच मिळतो. ते नसतील तर बराचसा नायट्रोजन जिवाणूंच्या अंगातच अडकून राहतो. पुढे बुरशी खाणारे येतात, मग सूत्रकृमींनाच खाणारे सूत्रकृमी! जितकी विविधता, तितकं खत मुरलेलं.

'सूत्रकृमी' म्हटलं की गावाकडे कपाळाला आठ्या पडतात. टोमॅटो-वांग्याच्या मुळांना गाठी आणणारे तेच ना? हो, पण ती या कुळातली मोजकी मंडळी. याच कुळातला, कुजक्या फळांत आणि खतात सापडणारा 'सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स' बघा. त्याच्यावरच्या संशोधनाला २००२, २००६, २००८ आणि २०२४मध्ये नोबेल मिळालं. विषय हार्ड आहे!

'वास येईल, जागा नाही' हे ठरलेलं उत्तर येईल. वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. ओल्या कचऱ्यावर दुप्पट वाळका पाला टाका, आठवड्याला ढीग खालीवर करा, पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा. विकतचं कल्चर नसलं तरी चालेल, घमेलंभर जुनं शेणखत पुरे. त्यातून हे कामगार फुकटात येतात. प्लास्टिक मात्र एक तुकडाही नको.

आणि झूलॉजीवाल्यांनो, तुम्ही पुढे या. फनेलच्या नळीला चिमटा लावा, त्यात पाणी भरा, वर टिश्यू पेपरवर चमचाभर खत ठेवा. सकाळी खालचे थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. महिन्याला एकदा मोजा, नोंदी ठेवा. प्रोजेक्टही होईल.

गणपतीत निर्माल्य पंचगंगेत न सोडता कुंडात टाकायला हे शहर शिकलं. कँटीनमध्ये दोन ड्रम ठेवायला काय अवघड आहे? या आठवड्यात प्राचार्यांना अर्ज द्या.