बोलीचे कौतुक, भुकेबाबत मौन

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) नुकत्याच लागोपाठ वाचल्या. आपले रसिक दोन्हींतील वऱ्हाडी बोलीचे तोंडभर कौतुक करतात, अर्थव्यवहाराला मात्र बगल देतात. ही रसिकता सोयीची आहे. ‘धग’मधील कौतिक अखंड राबते, तरी दारिद्र्य हटत नाही. ‘बारोमास’मधील उच्चशिक्षित एकनाथाला नोकरी मिळत नाही आणि शेतीही पोसत नाही. ‘कष्ट करा, शिका, गरिबी जाईल’ हा उपदेश येथे कोसळतो. दारिद्र्य हा स्वभावदोष नसून व्यवस्थेचा परिपाक आहे, हे अर्थशास्त्राच्या कोष्टकांपेक्षा या कादंबऱ्या परखडपणे सांगतात. यांना ‘प्रचारकी’ म्हणणाऱ्यांनी भुकेलाच तटस्थतेचा सल्ला देऊन पाहावा! कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत आकडेवारीबरोबर त्यांचेही वाचन झालेच पाहिजे.