मिसळणाचा डबा

परीक्षा हा मोठा खादाड प्राणी आहे. त्याच्या पुढ्यात कविता टाका, तो तिचे रसग्रहण करून देतो. इतिहास टाका, सनावळी करून देतो. विज्ञान टाका, व्याख्या करून देतो. याचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण आपण सगळेच त्याच्या दाढेखालून गेलो आहोत. परंतु भांडण? दोन शहाणी माणसे एखाद्या नाटकावरून हातघाईवर येतात, ते तरी या प्राण्याला पचणार नाही, असे कोणालाही वाटेल. माझे सांगणे असे की, तेही त्याला पचते. पचते इतकेच नव्हे, तर त्याच्या एकसारख्या गोळ्या होऊन बाहेर पडतात आणि सतरा वर्षांची मुले त्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर घेतात.

हा प्रकार मी विलायतेत पाहिला. माझी उभी हयात मुंबईच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात गेली. आता लेक-जावई तिकडे असल्यामुळे अधूनमधून दोन-चार महिने तिकडे जाऊन राहते. गेल्या खेपेस नातीची ‘ए लेव्हल’ची परीक्षा तोंडावर आली होती. तिकडे शाळेची शेवटची दोन वर्षे मुले तीन-चारच विषय घेतात आणि ही परीक्षा देतात. इंग्रजी साहित्य घेतले की शेक्सपिअर आलाच. नातीच्या वाट्याला ‘ऑथेल्लो’ आला होता. इंग्लंडात २०१५ पासून जी योजना चालू झाली, तीत गुण कशाकशाला द्यावयाचे याची पाच कलमे आहेत. पाचवे कलम असे की, विद्यार्थ्याने त्या कृतीचे निरनिराळे अर्थ कसे लावले गेले आहेत याचे भान ठेवून तिचा विचार करावा. वाचून मला फार बरे वाटले. आमच्या पिढीला ब्रॅडले म्हणजे वेदवाक्य होते. एका आचार्याच्या जागी पाच-दहा माणसे आली, त्यांच्यात खडाजंगी होणार, मुले त्यांत उतरणार. यापेक्षा अधिक काय हवे?

मग मी नातीची कार्डे पाहिली. पत्त्यांच्या आकाराची, रंगीत. गुलाबी कार्ड स्त्रीवाद्यांचे, तांबडे मार्क्सवाद्यांचे, हिरवे वसाहतींचा विचार करणाऱ्यांचे, पिवळे मनोविश्लेषणाचे. आणि पांढऱ्या कार्डावर जुनी मंडळी. प्रत्येकावर एक नाव, एक वाक्य आणि ते वाक्य उत्तरात कोठे व कसे शिरवायचे याचा साचा : ‘अमुक टीकाकार म्हणतो की...; उलटपक्षी तमुक वाचकाला असे वाटू शकेल की...’ मला आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवला. चिमूटभर हळद, अर्धा चमचा तिखट, वर हिंग. फरक इतकाच की, त्या डब्याशी बसलेल्या बाईला भाजी कशाची आहे हे ठाऊक असते. येथे ‘ऑथेल्लो’ काढून ‘किंग लियर’ ठेवला, तरी फोडणी तीच.

आपल्याकडच्या अपेक्षित प्रश्नसंचांबद्दल मी येथे लिहीत नाही. ते जे काय आहेत ते आहेत. आपण मतभेद शिकवतो असा आव त्यांनी कधी आणला नव्हता.

आता ज्यांना कार्डावर आणून बसवले आहे, ती माणसे खरोखर कशाबद्दल भांडत होती, ते पाहू. ए. सी. ब्रॅडलेची व्याख्याने १९०४ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ऑथेल्लो हा मुळात संशयी माणूस नव्हेच. तो उदार, सरळ, एकदा विश्वास टाकला की पुरता टाकणारा. इयागोसारख्याच्या तावडीत सापडल्यावर कोणीही फसला असता. यावर १९३७ साली केंब्रिजच्या एफ. आर. लीव्हिसने ‘स्क्रूटिनी’ या आपल्या त्रैमासिकात हत्यार उपसले. अहो, कसला सरळ आणि कसला उदार, असा त्याचा एकूण सूर. तिसऱ्या अंकातला तो मोठा प्रवेश काढून बघा. बायकोवर जीव टाकणारा नवरा त्या प्रवेशात येतो आणि प्रवेश संपायच्या आत तिच्या मरणाची भाषा बोलू लागतो. पुरावा तर अजून दिसलेलाही नसतो. इयागो निमित्तमात्र, घात करणारी गोष्ट ऑथेल्लोच्या आतच होती, आणि ती म्हणजे स्वतःच्या थोरवीवर फिदा असलेला त्याचा मीपणा. लीव्हिसच्या दहा वर्षे आधी टी. एस. एलियटने ऑथेल्लोच्या शेवटच्या भाषणावर बोट ठेवले होतेच : बायको पुढ्यात मरून पडली आहे आणि हा गृहस्थ स्वतःची समजूत काढतो आहे!

हा काही पंडितांचा शब्दच्छल नव्हे. एका पुरुषाने निरपराध बायकोला बिछान्यात गुदमरवून मारले आहे. ब्रॅडले म्हणतो, अरेरे, केवढा थोर माणूस फसला! लीव्हिस म्हणतो, त्याला थोर म्हणण्याची आपली जी हौस आहे, तीच आधी तपासा. यांतले एक मानले की दुसरे सोडावे लागते. अशी खुनाची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि शेजारचा कोणी म्हणतो, ‘माणूस तसा फार चांगला होता हो’, तेव्हा आपल्यालाही हेच ठरवावे लागते. कार्डावर मात्र ब्रॅडले आणि लीव्हिस पंगतीला बसल्यासारखे शेजारी शेजारी बसले आहेत. दोघांना एकेक वाक्य वाढलेले, आणि खाली निकाल : दोन्ही मते विचारात घेण्यासारखी आहेत. उद्या न्यायाधीश असे निकाल देऊ लागले, तर वकिलांचीसुद्धा पंचाईत होईल.

रंगभूमीवर ही चैन चालत नाही. १९६४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरात लॉरेन्स ऑलिव्हिएने ऑथेल्लो केला, तो लीव्हिसच्या लेखाचा धागा पकडून. गोऱ्या नटाने तोंडाला काळा रंग फासून केलेला तो अवतार आज पाहवत नाही, हे खरे. पण लीव्हिसचे म्हणणे घ्यायचे, तर या माणसाने चालावे कसे आणि थांबावे कोठे, हे ऑलिव्हिएला ठरवावे लागले. १९८७ साली जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरात जेनेट सुझमनने जॉन कानी या काळ्या नटाला ऑथेल्लोच्या भूमिकेत उभे केले. वर्णद्वेषी राजवट चालूच होती; काळ्या-गोऱ्यांच्या लग्नांना बंदी करणारा कायदा रद्द होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या रंगमंचावर काळ्या हाताने गोरा हात धरला की अर्थ लावून झाला! आणि ह्यू क्वार्शीचे उदाहरण तर मला सर्वांत प्रिय आहे. घानात जन्मलेला हा इंग्लंडचा नट. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याने एका व्याख्यानात असा प्रश्न टाकला की, काळ्या नटाने ही भूमिका करावीच का? काळा माणूस मुळातच संशयी आणि अनावर असतो, या समजावर त्यामुळे शिक्काच बसणार नाही काय? त्याच क्वार्शीने २०१५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीत ऑथेल्लो केला, आणि त्या वेळी इयागोही ल्यूशिअन म्सामाती हा काळा नटच होता. दोघेही काळे म्हटल्यावर इयागोचा मत्सर नुसत्या रंगावर ढकलता येईना. स्वतःशीच भांडून निघालेले हे उत्तर आहे. याचे कार्ड कोणत्या रंगाचे करणार?

नटासारखीच पंचाईत भाषांतरकाराची. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, देवलांनी १८९० साली त्याचा ‘झुंझारराव’ केला, पुढे शिरवाडकरांनीही तो हाती घेतला. यांच्यापैकी एकालाही ‘उलटपक्षी’ म्हणण्याची सोय नव्हती. मूळ शब्दापाशी आले की एक मराठी शब्द लिहायचा आणि पुढे जायचे. लिहिला तो अर्थ झाला. आणि या नाटकात एक शब्द असा आहे की तो पानोपानी आडवा येतो. ‘ऑनेस्ट’ आणि त्याचे नाम धरून तो बावन्न वेळा आला आहे, अशी मोजदाद विल्यम एम्पसनने केली आणि त्या एका शब्दावर अख्खे प्रकरण लिहिले. इयागोला जो तो ‘ऑनेस्ट’ म्हणतो.

एका रात्री मी नातीची कार्डे उचलून कपाटावर ठेवली आणि विचारले, “या ‘ऑनेस्ट’ला मराठीत काय म्हणशील गं?”

“प्रामाणिक.” तिचे मराठी घरापुरते आहे, पण हा शब्द तिला येतो.

“बरं. आणि वाड्यावरचा आपला जुना गडी? पणजी त्याला काय म्हणायची?”

ती आठवू लागली. “इमानी.”

“आणखी कोणाला म्हणतो आपण इमानी?”

“कुत्र्याला,” ती म्हणाली आणि एकदम उठून बसली. “आजी, म्हणजे बढती त्या कॅसिओला दिली, आणि याला मात्र रोज सगळ्यांसमोर इमानी, इमानी म्हणतात! मी असते ना, तर मलापण राग आला असता.”

इयागोचे कोडे यामुळे सुटले, असे मी म्हणत नाही. बढती हुकलेला प्रत्येक हवालदार असा सूड उगवू लागला, तर जगात पलटणी उरायच्या नाहीत. कोलरिजचे तर म्हणणे असे की, इयागोचा दुष्टावा मुळी निष्कारण आहे आणि तोच आपल्यासाठी कारणे धुंडाळत फिरतो. पण कोलरिजशी वाद घालण्याजोगे काही तरी त्या रात्री एका सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती लागले होते, आणि ते तिचे होते. एम्पसनलाही त्या शब्दात वरच्याने खालच्याशी बोलण्याचा वास आला होता, हे मी तिला मुद्दामच सांगितले नाही.

तिने तो मुद्दा सरावाच्या निबंधात घातला. निबंध परत आला तेव्हा त्या परिच्छेदाशेजारी लाल शाईत दोनच शब्द होते : ‘कोण म्हणतो?’

शिक्षिकेला मी नावे ठेवत नाही. एका वर्गाचे निबंध, त्यांवर वरून तपासणी, आणि मुलांचे गुण पडले तर जाब तिला. पण त्या दोन शब्दांनी काय झाले ते सांगते. मुलीने तो परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी हिरवे कार्ड घातले. गुण वाढले.

आता कोणी म्हणेल की, आजीबाई, नियमच तसा आहे. नाही हो, नियम तसा नाही. टीकाकाराचे नाव घ्या, असे त्या पाचव्या कलमात कोठेही लिहिलेले नाही. निरनिराळे अर्थ म्हणजे निरनिराळी नावे, हा शोध मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांचा आणि शिकवण्या घेणाऱ्यांचा. नाव मोजता येते, विचार मोजता येत नाही, एवढेच त्याचे मर्म. दुसरे कोणी म्हणेल, मुलांना स्वतःची मते कोठून असणार, आधी थोरांची तरी ऐकू द्या. जरूर ऐकू द्या! लीव्हिस आख्खा वाचायला द्या. राग येऊ द्या त्याचा. सतराव्या शतकात थॉमस रायमर नावाच्या एका फटकळ गृहस्थाने या साऱ्या शोकांतिकेची एका रुमालापायी चाललेला तमाशा म्हणून टिंगल केली होती. तोही द्या, मुले खुश होतील. एकेका वाक्याची पुडी तेवढी देऊ नका.

मला सर्वांत झोंबले ते गुलाबी कार्ड. ‘स्त्रीवादी वाचकाला असे वाटू शकेल की डेस्डिमोनाचा बळी जातो.’ कोण ही स्त्रीवादी वाचक? कोठे राहते? चौथ्या परिच्छेदात तिला बोलावायचे, एक वाक्य वदवून घ्यायचे, आणि पाचव्यात ‘उलटपक्षी’ म्हणून निरोप द्यायचा. अगं, तू स्वतः मुलगी आहेस ना? उद्या तुझ्या रुमालावरून तुला कोणी जाब विचारला, तर तेव्हाही ‘एखादीला असे वाटू शकेल’ म्हणून बोलणार आहेस का? चौथ्या अंकाच्या शेवटी एमिलिया नवऱ्यांविषयी जे तडातडा बोलते, ते भाषण १६२२ च्या छापील प्रतीत नाहीच. १६२३ च्या मोठ्या ग्रंथात आहे. चारशे वर्षे झाली, तिने कोणाचा हवाला दिलेला नाही. आणि पाचव्या अंकात तोच नवरा तलवार उपसून गप्प बस म्हणत असताना ती बोलते आणि जीव गमावते.

यावर तुम्ही काय कराल, असे जावयांनी मला जरा चेष्टेनेच विचारले. मी त्यांना तेथल्या तेथे प्रश्नपत्रिका काढून दिली. एकच प्रश्न, तोही येथे देऊन टाकते. ‘तिसऱ्या अंकात डेस्डिमोना हरवलेल्या रुमालाची चौकशी करते. तो एमिलियानेच उचलून नवऱ्याला दिलेला आहे. तरी ती मालकिणीला ठाऊक नसल्याचे का सांगते? कोणाही टीकाकाराचे नाव न घेता उत्तर लिहा. नाटकाचे पुस्तक जवळ ठेवण्यास हरकत नाही. वेळ : एक तास.’